रतनपुरुषाचं कुंपण

माझी थोरली जाऊ लंकाबाई. आम्ही तिला आक्का म्हणतो. तोंडानं तिखट, पण दारातून कुणी उपाशी गेलेलं तिला खपायचं नाही. तिचे मालक, कोंडाजीदादा, शेळ्या राखायचे. पिंपळगावजवळ आमची द्राक्षबाग, आणि बागेच्या वर आमचंच बरड, मुरमाड माळ. दादांचा सगळा दिवस तिथंच जायचा. श्रावणात संध्याकाळी उतरताना आक्कासाठी रतनपुरुषाची फुललेली काडी आणायचे. फूल ते केवढं! नखाएवढी एक जांभळट-गुलाबी पाकळी, बाकीच्या नुसत्या नावाला.

"लोकाच्या बायका गजरा माळत्यात, अन् आमच्या नशिबी हे तण!" आक्का फणकारायची, आणि लगेच अंबाड्यात खोचायची. दादा मिशीत हसायचे. काय दिवस होते हो ते! आता तसं हसणारं घरात कुणी नाही.

दादा गेले. त्यांच्या शेळ्या बघवेनात म्हणून आक्कानं विकून टाकल्या, आणि बरडाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. दादांचं फूल कुणाच्या शेळीच्या तोंडी जाऊ नये, एवढाच तिचा हट्ट. शेजारच्या शफीभाईंच्या शेळ्या कडेनं गेल्या तरी ही काठी घेऊन धावायची.

श्रावण आला. गवत कमरेला लागलं, पण फूल दिसेना. पुढच्या वर्षी तेच. आक्का लुगड्याला कुसळं चिकटवून रिकाम्या हातानं परत यायची आणि न जेवता पडायची.

"त्यांच्या मागं तेबी गेलं गं, उज्वला."

"एका तणापायी जीव देतीस का आता?" मी खेकसले. माझंही तोंड काही गोड नाही. पण तिचं ताट झाकून तिच्या उशाशी ठेवायचे.

यंदा मीही तिच्याबरोबर वर गेले. कुंपणाबाहेर शफीभाईंच्या शेळ्यांची वाट आहे. तिथं आक्का मटकन खाली बसली. कुरतडलेल्या आखूड गवतात, खुरांनी मोकळ्या झालेल्या मातीत, चांगल्या उन्हात रतनपुरुष फुललं होतं. एक-दोन नाही, वाटभर! आत मात्र गवताचं रान माजलेलं, जमिनीला उन्हाचा कवडसा नाही.

"अगं बाई! मीच गळा दाबला की गं त्याचा!"

ती तशीच उठली आणि उघड्या हातांनी काट्या ओढायला लागली. हात रक्ताळले, तरी थांबेना. मग शफीभाईंना हाक मारली.

"भाभी, परवा तर तुम्ही काठी घेऊन मागं लागला होता!"

"गप बसा, अन् घाला शेळ्या आत!"

शेळ्या घुसल्या. जाता जाता एकीनं वाटेवरचं फूल खाल्लं. आक्कानं हातसुद्धा उचलला नाही. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "जन्मभर बोलले ह्यांना, तुमच्या शेळ्यांनी बरड बोडकं केलं म्हणून. फूल तर त्याच्यामुळंच व्हतं गं. अन् ह्यांनी एकदाबी उलटून सांगितलं नाय."

मी तिच्या हातातले काटे काढत बसले.