कापसामागची भिंत

ज्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांत बोरी अरब गावातल्या आमच्या घरात माणसांपेक्षा कापसालाच जागा जास्त होती. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणत नवऱ्याने मागची खोली आढ्यापर्यंत भरली. मुलं वर नाचून कापूस तुडवायची, की आणखी मावायचा. त्या दाबाने मागच्या मातीच्या भिंतीने बाहेर पोट काढलं. ती पाडून विटांची बांधायची ठरली.

गवंडी पाहून गेला. आधी कापूस काढा, मग हात लावतो, एवढीच त्याची अट. काढलेला कापूस ठेवायचा कुठे, म्हणून नवरा चिडला आणि त्याने स्वतःच डोकं चालवलं. जुन्या भिंतीला लागून बाहेरून पाया खोदायचा, नवी भिंत उठवायची, मग जुनी पाडायची. कापूस जागचा हलायला नको. "आपल्या घरच्या कामाले मानसं कायले लावाचे?" म्हणाला. हात दाखवून अवलक्षण ते हेच, असं मी तोंडावर सांगितलं. पण ऐकतो कोण?

आमच्याकडे काळी माती. पाया घ्यायचा तर मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. बघता बघता नवरा छातीपर्यंत खड्ड्यात गेला. मी चुलीपाशी, कान मात्र मागच्या अंगणात. खोदायची सब्बल, म्हणजे पहार, वाजेनाशी झाली की थापलेली भाकरी हातातच राहायची. पुन्हा वाजली की जीव भांड्यात पडायचा. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

एका सकाळी चहा घेऊन गेले तर भिंतीच्या बुडाशी बोट जाईल एवढी भेग. तिच्यातून माती त्याच्या पाठीवर सांडत होती आणि हा ती धुळीसारखी झटकत होता. वर या म्हटलं, तर मुरूम लागला की येतो म्हणाला. मी कप खाली ठेवला, पदर खोचला आणि मीच खड्ड्यात उतरले. त्याच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"तुमी वर जात नाई तवरिक मी बी अथीच."

तो रागावला, मग समजावू लागला. माझ्या मानेवर माती पडत होती, पण मी हलले नाही. शेवटी कुंपणावरून शेजारीण डोकावली. भिंतीला न भ्यालेला माणूस तिला भ्याला. मला वर चढवून मागोमाग आला.

मग गवंडीच आला, दोन माणसं घेऊन. कापूस घरभर पसरला, अंथरुणापर्यंत. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. खोली रिकामी झाल्यावर त्यांनी भिंतीला दोर बांधला आणि लांब जाऊन ओढला. पहिल्याच हिसक्याला भिंत अख्खी बाहेर कोसळली. धूळ बसली तेव्हा खड्डा कुठे होता तेही कळेना.

नवरा त्या ढिगाजवळ गेला. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तू खाली उतरली तवा तुले भेव नाई वाटलं?"

"वाटलं न," मी म्हटलं. "म्हनूनच त उतरली."