आबांची पातळी

आबांना पोचवून आल्यावर दोनच दिवसांनी अण्णांनी दुपारी नेहमीसारखा ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला, दोन्हीकडचे मोहरे लावले आणि मला हाक मारून विचारलं, "आबा अजून कसा आला न्हाई गं?"

अण्णा म्हणजे माझे वडील. आबांच्या मातीला ते स्वतः गेले होते, कुरवंड्याला, आबांच्या गावी, भर पावसात. या वयात नको म्हटलं तरी तिरडीला खांदा दिलाच. परतताना उतारावर घसरून गुडघा फोडून घेतला. त्या गुडघ्याला मीच पट्टी बांधली होती आणि ती कशापायी बांधली हे आता त्यांना सांगता येत नव्हतं.

"अण्णा, आबा गेले," मी म्हणाले. "आपणच नाही का पोचवून आलो?"

त्यांनी पट आवरला. मोहरे पिशवीत भरले, न्हाणीत गेले आणि गार पाण्यानं डोक्यावरून अंघोळ केली. आबा आमच्या नात्याचे नव्हते, जातीचेही नव्हते, सुतकाचा प्रश्नच नव्हता. मी तसं म्हणाले तर ते ओल्या अंगानं दारात थांबून म्हणाले, "भाऊ व्हता माझा. भावाची बातमी आल्यावर आंघूळ करायची न्हाई?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पट, पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा खरं सांगितलं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा भाऊ पुन्हा मेला. पुन्हा गार पाणी, पुन्हा उपास. असं रोज. लोणावळ्याच्या पावसाळ्यात दोरीवरचं धोतर वाळत नाही, तिथं म्हाताऱ्याची छाती कुठून वाळणार? खोकला झाला, मग ताप. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कशाला सांगता? त्यांना ते दर वेळी नव्यानंच कळतं. सांगूच नका." सांगू नका म्हणायला डॉक्टरांचं काय जातं! सकाळच्या शाळेत मी दुसऱ्यांच्या पोरांना खोटं बोलू नये म्हणून दटावायची आणि दुपारी ओट्यावर बसून "येतील हो, वाटेत असतील," असं बापाला सांगायची. तिन्हीसांजेपर्यंत ते रस्त्याकडं बघत बसायचे. ते बघणंही बघवत नव्हतं.

या दोघांचं काय होतं ते सांगायला हवं. दोघंही रेल्वेत केबिनमन, घाटात. अण्णांची केबिन वरच्या अंगाला, आबांची खालच्या, मधे बोगदे. गाडी पुढं सोडायची तर पुढच्या केबिनीतल्या माणसानं फोनवर 'लाइन क्लियर' द्यावी लागते, म्हणजे माझ्याकडचा रस्ता मोकळा आहे, सोड. ती मिळेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. तर या दोघांनी दोन्ही केबिनींत एकेक पट ठेवला होता आणि गाड्यांच्या मधल्या वेळात त्याच फोनवर डाव चालायचा. घरांना आकडे दिलेले होते. "घोडा पाच-तीन," एवढंच बोलायचं आणि फोन ठेवायचा. महिनोन्महिने एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, पण दुसऱ्याच्या घरी काय चाललंय ते याला त्याच्या चालींवरून कळायचं म्हणे. निवृत्त झाल्यावर आबा कुरवंड्याहून काठी टेकत रोज दुपारी खाली उतरू लागले. सिझनला माझ्यासाठी पानाच्या द्रोणात करवंदं असायची. मी चांगली थोराड बाई झाले तरी ती यायचीच.

धाकटा भाऊ परदेशात. त्याला सगळं कळवलं, तर त्यानं बुद्धिबळ खेळणारं यंत्र पाठवलं. त्याचं प्रेम तसंच, पार्सलनं येणारं. एकोणीसशे सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आमच्या आळीत टीव्ही एकाच घरी होता, आणि आमच्याकडं हे! पोळपाटाएवढा काळा डबा, त्यावर बटणं, लाल आकडे उमटणारी एक खिडकी आणि आपल्या विजेवर चालावं म्हणून आणखी एक जड ठोकळा. आपण आपली चाल बटणांनी सांगायची, मग ते त्याची चाल खिडकीत दाखवायचं. पटावर ती आपण हातानं करायची. सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं की यंत्राला पातळ्या आहेत. पहिली सगळ्यांत सोपी, आठवी सगळ्यांत अवघड. खेळणाऱ्याच्या तोडीची पातळी लावावी.

तोडीची म्हणजे कोणाच्या तोडीची? मला हवी होती आबांची. आबा अण्णांपेक्षा किंचित कमी खेळायचे, पण किंचितच. दोन डाव गेले की तिसरा आबांचा ठरलेला. पहिल्या पातळीवर अण्णांनी यंत्राला बघताबघता धुतलं आणि म्हणाले, "कोण पोर हाय हे?" पाचव्या पातळीनं त्यांना असं चेचलं की ते पट सोडून आत जाऊन पडले. मी दूध-साखरेचा अंदाज घ्यावा तशी खालीवर करत राहिले. तिसऱ्या पातळीवर ते दोन डाव जिंकले, पुढचा हरले आणि हरल्यावर मांडीवर थाप मारून म्हणाले, "आबाच हाय हा!"

मला वाटलं, गंमत करताहेत. गंमत नव्हती. यंत्र जे घर दाखवायचं ते मी अण्णांच्या जुन्या आकड्यांत सांगायची आणि अण्णा सांगतील ते बटणांनी दाबायची. त्यांच्या लेखी हा केबिनीतला फोनच होता, फक्त बोलायच्या ऐवजी दिसणारा. "त्याला आता चढउतार झेपत न्हाई," त्यांनीच मला समजावलं, "म्हणून रेल्वेनं फोन बसवून दिलाय." मी मान डोलावली. मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही.

अडचण एकच होती. अण्णा-आबांचा खेळ देशी, यंत्राचा विलायती. देशी खेळात प्यादं पहिल्यापासून एकच घर चालतं आणि राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. यंत्रानं प्यादं दोन घरं पुढं टाकलं की अण्णा हसायचे, "आबा, ही इंग्रजी थेरं कुटं शिकलास रं?" पण अण्णांच्या राजानं उडी मारली की यंत्र कर्कश ओरडायचं, ही चाल चालत नाही म्हणून. मग मी पाठमोरी होऊन सगळा डाव यंत्रात नव्यानं भरायची.

"चालतंय म्हणाला का?" अण्णा विचारायचे.

"चालतंय म्हणाले."

दिवाळीपर्यंत अण्णा जेवत होते, खोकला थांबला होता, आबा कुठं म्हणून विचारत नव्हते. मी सुखी होते, हे सांगून टाकते. मेलेल्या माणसाच्या जिवावर आमचं घर चाललं होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

थंडी पडली आणि अण्णा हरू लागले. आधी उंट विसरायचे, मग हत्ती. रोज हरले की मोहरे न आवरताच उठायचे. ताटातली भाकरी तशीच. मी दुसरी पातळी लावली. ते पुन्हा जिंकायला लागले आणि मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच एका दुपारी त्यांनी हातातलं प्यादं खाली ठेवलं.

"आबाला बरं न्हाई का गं?"

"का हो?"

"हत्ती फुकट सोडला त्यानं. असं सोडणारा माणूस न्हाई तो."

"थकले असतील," मी म्हणाले.

पुढं अण्णांना तेही पेलेना, म्हणून मी पहिली पातळी लावली. त्या पातळीवर यंत्र खरंच पोरासारखं खेळायचं. अण्णा प्रत्येक चालीला कपाळाला हात लावायचे. "डोकं गेलं त्याचं," म्हणायचे. "एवढा शाना माणूस, बग काय झालं." मग ते आपला वजीर मुद्दाम माऱ्यात ठेवू लागले. "घिऊ दे त्याला. एखांदा डाव त्याचा व्हऊ दे." आता ते हरत होते ते जमत नव्हतं म्हणून की दया करत होते म्हणून, हे मला कळायचं बंद झालं. आबा बिचारे एका सकाळी चहा पितापिता गेले होते, कोणाला त्रास न देता. आणि मी त्यांना पातळी-पातळीनं मारत होते. बापाला वाचवायचं म्हणून त्याच्या भावाला त्याच्यासमोर खुळा करून ठेवलं होतं. रोज बटण दाबताना मला स्वतःची किळस यायची.

मग अण्णांनी टोपी घालून फाटकाशी उभं राहायला सुरुवात केली. "मला कुरवंड्याला ने. त्याला बगून येतो." उद्या जाऊ, म्हणायची मी. कुरवंड्याला आबांच्या घरात शिरल्या शिरल्या समोरच हार घातलेला फोटो होता. तो पाहून पुन्हा ती बातमी, पुन्हा ते पाणी, आणि या थंडीत. एका सकाळी ते फाटक उघडून वळणापर्यंत पोचले होते. त्यांना घरी आणलं, पट मांडला आणि मी एकदम आठवी पातळी लावली. आबा बरे झालेले दिसले की अण्णा हा जायचा हट्ट सोडतील, एवढंच डोक्यात होतं.

सुरुवातीच्या चाली यंत्राच्या पाठांतरातल्या, त्या भराभर आल्या, आणि काय सुंदर आल्या! अण्णांचा चेहरा उजळला. "सुधारला! पोरी, बग, सुधारला आबा!" त्यांनी मागून घेऊन भाकरीचा तुकडा खाल्ला. नंतर पाठांतर संपलं आणि यंत्र विचारात पडलं. पुस्तकात लिहिलं होतं की आठव्या पातळीवर एका चालीला दिवससुद्धा लागू शकतो. ते मी वाचलं होतं, पण त्या घाईत ध्यानातच आलं नाही.

खिडकीतले आकडे नुसते लुकलुकत होते. अण्णा वाट बघत होते. जेवायला उठेनात, चहाला उठेनात. "इचार करतोय. करू दे." मी विचार थांबवायच्या बटणाकडं हात नेला तर माझं मनगट धरलं. "त्याला घाई करू नको. लाइन क्लियर आल्याबिगर उठायचं नसतं." ऊन ओट्यावरून उतरलं, गारठा आला. मी त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली. त्या माणसाच्या डोळ्यांत इतकी खात्री होती, की मला ओरडावंसं वाटलं.

दिवेलागणीला लाइट गेली. लोणावळ्यात लाइट जायला निमित्त लागत नाही. यंत्राची खिडकी काळी झाली.

"लाइट गेलीय, अण्णा," मी घाईनं म्हणाले. "येईल आत्ता."

त्यांनी वाकून त्या काळ्या खिडकीला कान लावला. मग म्हणाले, "मला नको शिकवू. लाइन मेली तर निराळं कळतं, माणूस मेला तर निराळं. सारी नोकरी तेच ऐकत काढली मी." त्यांनी समोरचा राजा उचलला आणि हळूच आडवा ठेवला. "गेला."

मग घोंगडी बाजूला सारून उठले. "पाणी काढ. आंघूळ करतो."

मी गरम करते म्हणाले. "भावाच्या बातमीला ऊन पाणी?" असं ओरडून त्यांनी नळाखाली बादली लावली. नळाला भुशी धरणाचं पाणी, त्या दिवसांत हाताला चावायचं. अंधारात मी दाराबाहेर उभी राहून एकेक तांब्या ऐकला. एवढं होऊन मनात एक नीच आशा होती, की या वेळी त्यांचं त्यांनाच उमगलंय, तर आता लक्षात राहील. पुन्हा सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावरून हाक आली, "आबा अजून कसा आला न्हाई गं?"

मी आत गेले. रडायलासुद्धा त्राण नव्हतं. यंत्र आणलं, वायर खुपसली आणि तिसरी पातळी लावली. आबा होते तसे, धडधाकट. पुन्हा ती कधी खाली केली नाही. अण्णा रोज हरले. पुढं पुढं हत्ती कुठला नि उंट कुठला हे त्यांना कळेना, कशालाही कसंही सरकवायचे आणि मी त्याची जमेल तशी चाल करून दाबायची. जेवण कमीच होत गेलं. छाती पुन्हा धरली. पण हरल्यावर मांडीवर थाप पडायची, दिवसेंदिवस हलकी, "आबाच हाय हा."

होळीच्या आधी ते गेले. सकाळी गेले, डाव अर्धा टाकून. इंद्रायणीवर सगळं आटोपून मी घरी आले, गार पाण्यानं डोक्यावरून अंघोळ केली आणि ओट्यावर आले तर यंत्र चालूच होतं. पट तसाच होता. आबांची चाल येऊन पडली होती, खिडकीत लाल आकडे स्थिर होते. आता अण्णांनी चालायचं होतं.

मी समोर बसले. त्या बिचाऱ्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

"आबा," मी म्हणाले, "अण्णा गेले."

आणि मग वायर काढली.