मावशीच्या इन्क्युबेटरमधला दिवा

माझी मावशी मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट आहे. हे नाव आजीने आजवर एका दमात उच्चारलेलं नाही. कुणी विचारलं की ती सरळ सांगते, "माझी थोरली खमीर पाळते." आणि त्यात खोटं काहीच नाही. लोक मांजर पाळतात, मावशी यीस्ट पाळते. पाव फुगवणारं साधं यीस्टच, फक्त त्याच्या एका प्रोटीनला मावशीने हिरवं चमकणारं शेपूट लावलंय. त्यामुळे ते प्रोटीन पेशीत कुठे कुठे भटकतंय ते सूक्ष्मदर्शकातून दिसतं. बाटल्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबदार कपाटात, ठेवताना ती त्यांच्याशी बोलते. "चला बाळांनो, आत व्हा, ऊब घ्या, भांडू नका." माझ्याशी कधी एवढं गोड बोललेली नाही.

मावशीचे पेपर, म्हणजे शोधनिबंध, थोडे. वर्षाला एक, तोही रडतखडत, कारण प्रत्येक वाक्य ती दहादा खोडते. त्यातला एकच गाजला. घरात त्याला आम्ही 'ऊब-पेपर' म्हणायचो. त्यात मावशीने दाखवलं होतं की यीस्टला जराशी ऊब मिळाली की ते प्रोटीन धावत सुटतं आणि थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन बसतं. जगभरच्या लोकांनी आपापल्या पेपरात त्याचा उल्लेख केला, आणि असा प्रत्येक उल्लेख म्हणजे एक सायटेशन. आकडा दोनशेच्या पुढे गेला त्या दिवशी काकांनी दुकान लवकर बंद केलं होतं. काका म्हणजे मावशीचे यजमान, त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे.

"म्हणजे दुसऱ्याने आपलं नाव घ्यायचं, मग ते मोजायचं?" आजीने विचारलं होतं. "माझ्यासारखी चादरीची घडी या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका घालतात. नाव घेतलंय का एकीने तरी?"

"आई, तुमचा प्रभाव दांडगा आहे," काका म्हणाले, "पण तुम्ही छापलं नाहीत ना कुठे."

मावशीच्या संस्थेत दर पाच वर्षांनी परीक्षण होतं. संस्थेचे प्रमुख म्हणजे आमचे 'बरंका साहेब'. ते आधी घसा साफ करतात, मग हनुवटी छातीला टेकवतात आणि नाकातून बोलतात. "मॅडम, तुम्ही मनापासून काम करता, बरं का. पण समिती मन बघत नाही, आकडा बघते, बरं का." आकडा कमी भरला की लॅब गेली. मग तिसऱ्या मजल्यावरची, पार्किंगवर खिडकी उघडणारी मावशीची खोली दुसऱ्या कुणाला मिळणार आणि मावशी तळमजल्याच्या भांडारात बसून लोकांना उपकरणं देत-घेत राहणार. पण ऊब-पेपर होता, त्यामुळे कुणाला धास्ती नव्हती.

परीक्षणाला तीन-चार महिने उरले असताना प्रोटीन संपावर गेलं. तीच बाटली, तीच ऊब, पण प्रोटीन जागचं हलेना. मावशीची पीएचडीची विद्यार्थिनी, आमची सॉरी-ताई, रडकुंडीला आली. ती सगळ्यांना सॉरी म्हणते. दाराला धडकली तर दाराला, उशिरा आली तर घड्याळाला. "सॉरी मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय." मावशीने पाणी बदललं, साखर बदलली, बाटल्या बदलल्या. घरी जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायची.

मग तो रविवार आला. आजीचा आमच्या फ्रिजवर जुना संशय आहे, की दार लावल्यावर आतला दिवा बंद होत नाही आणि वीज फुकट जाते. म्हणून ती मधूनच दबकत जाते आणि दार खसकन उघडते, चोर पकडावा तसं. "बघ! चालूच!" ती त्या सकाळीही ओरडली.

"अहो आई, तुम्ही उघडता म्हणून तो लागतो," काका वर्तमानपत्रामागून म्हणाले. हा संवाद आमच्या घरी इतक्यांदा झालाय की मी दोघांचाही एकटीच म्हणून दाखवते.

पण मावशी दुधाचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "परत कर."

"काय परत करू? मी काही घेतलं नाही!"

"दार. परत उघड."

आजीने उघडलं. मावशीने पातेलं काकांच्या वर्तमानपत्रावर ठेवलं आणि घरातल्या चपला घालूनच बाहेर पडली.

पुढचं सॉरी-ताईने आम्हाला साग्रसंगीत करून दाखवलं. मावशीने इन्क्युबेटर उघडला. आतला छोटा दिवा गेलेला होता. कधी गेला, कुणी लक्षच दिलं नव्हतं. दोघींनी नवा बसवला. मग मावशीने आपला फोन बाटल्यांना टेकून उभा केला, व्हिडिओ चालू केला आणि दार लावलं. थोड्या वेळाने फोन काढून बघितला, तर आत लखलखाट! दार लागल्यावर दाबलं जाणारं बटण अडकून बसलं होतं. बंद दाराआड दिवा चोवीस तास जळत होता, वर्षानुवर्षं. आणि ज्या थंड कपाटाशी त्या तुलना करायच्या त्यात दिवाच नव्हता.

नवा दिवा लागताच प्रोटीन तडक केंद्रकात. मग मावशीने एका बाटलीला चांदीसारखा कागद गुंडाळला. तीच ऊब, पण आत अंधार. प्रोटीन ढिम्म.

ऊब नव्हेच. उजेड!

मावशी स्टुलावर बसून आधी खो-खो हसली. ताई म्हणाली, "सॉरी मॅडम."

"तू कशाला सॉरी? तू काय बल्ब आहेस?" मावशी म्हणाली आणि मग तिचं हसू थांबलं. कारण दोनशे लोकांनी जिचं नाव घेतलं होतं ती गोष्ट चूक होती.

त्या संध्याकाळी घरात परिषद भरली. काका म्हणाले, "अगं, परीक्षण होऊन जाऊ दे. मग सांग जगाला. तोवर जरा डोळेझाक कर."

"चष्म्याचं दुकान तुझं, आणि सल्ला डोळे मिटायचा?" मावशी म्हणाली. "अरे, तिकडे लोक माझ्यावर विसंबून पुढची कामं रचतायत. आजही कुणीतरी नवीन पोरगी माझा पेपर वाचून बाटल्या गरम करत असेल. आणि काही झालं नाही की स्वतःलाच सॉरी म्हणत असेल."

"पण लॅब जाईल."

"जाईल," मावशी म्हणाली. "खिडकी चांगली होती."

आजीने तिच्या ताटात न विचारता आणखी वाढलं. आजीचा पाठिंबा तसाच असतो.

मावशीने पेपर मागे घेतला आणि त्याजागी दोन पानांचा नवा लिहिला. ऊब नव्हे उजेड, आणि चूक आमच्या दिव्याची. तुमचा इन्क्युबेटर असा तपासा. यावेळी तिने एकही वाक्य खोडलं नाही. बरंका साहेबांनी बोलावून घेतलं. "मॅडम, फळं मोजायला माणसं यायच्या आधी कुणी झाड तोडतं का, बरं का?"

"किडकं होतं, सर."

"आकड्यात कीड दिसत नाही, बरं का!"

समिती आली. तिघं जण, अध्यक्ष एक उंच बाई, हातातलं पेन सारखं टकटक करणाऱ्या. साहेबांनी मावशीचा आकडा वाचला. तो एवढा बारीक झाला होता की त्यांनी खोकल्यातच उरकला. बाईंनी विचारलं, "सगळ्यात गाजलेला पेपर मागे घेतलात. कुणी तक्रार केली होती?"

"नाही."

"मग कळलं कसं?"

आता फ्रिज सांगावा की न सांगावा? मावशीने सांगितला. दबकत जाणाऱ्या आजीसकट. टकटक थांबली. दोघे सभासद हसायला लागले, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिथूनच स्वतःच्या लॅबला फोन लावला. "तुझा फोन इन्क्युबेटरमध्ये ठेव. हो, आतच. व्हिडिओ लाव आणि दार बंद कर. प्रश्न विचारू नकोस."

सगळे थांबले. पहिला इन्क्युबेटर बरोबर निघाला. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग पलीकडून पोरीचा बारीक आवाज आला, "मॅडम... दुसऱ्यातला चालू आहे."

"कधीपासून?"

"ते... कोण सांगणार?"

बाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या अशा काही हसल्या की बाहेर कॉरिडॉरमध्ये सॉरी-ताईला वाटलं, निकाल लागला. तसा तो लागलाच होता. खोली मावशीकडेच राहिली. अहवालात बाईंनी लिहिलं की आकडा पुढच्या वेळी बघू, आता या बाईंना उजेडावर काम करू द्या. साहेबांनी ते वाचताना तीनदा घसा साफ केला. "मी म्हणतच होतो, बरं का."

त्यानंतर मावशीला रोज टपाल यायला लागलं. कुठल्या कुठल्या लॅबमधून लोकांनी कपाटात फोन कोंबलेले फोटो पाठवले. आमचाही चालू निघाला! आमचा बंद आहे, पण तपासला! त्या दोन पानांचा उल्लेख आता जो तो करतोय, आणि काका दर शनिवारी आकडा मोठ्याने वाचतात.

मागच्या शनिवारी मावशीने आजीला त्या पेपराचं शेवटचं पान दाखवलं. तळाशी छोट्या अक्षरांत आभार मानले होते, 'फ्रिजचं दार अचानक उघडणाऱ्या माझ्या आईचे'.

आजीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "म्हणजे माझं सायटेशन झालं?"

"आभार मोजत नाहीत गं, आई."

"मोजत नाहीत?" आजी उठली, दबकत फ्रिजपाशी गेली आणि दार खसकन उघडलं. आतल्या दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला. "मग मीच मोजते. एक!"