डाव्या गालामागचं दुखणं

सकाळी अंगण झाडायला वाकले की ते सुरू व्हायचं. डाव्या गालाच्या हाडामागे कुणी आतून अंगठा रोवून दाबतंय असं वाटायचं. मग भुवईत ठणका, मग डोळ्याच्या खोबणीत, मग अर्धं कपाळ. भाकरी थापायला वाकले की तेच, नदीवर धुणं आपटायला वाकले की तेच. आणि बाईला वाकल्याशिवाय दुसरं काम असतं कुठे!

तेव्हा आम्ही काळेवाडीत राहत होतो. थोडी घरं आणि भोवती शेतं, एवढीच वाडी. पवना नदीपलीकडे पिंपरीत औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि आमचे हे तिथे बाटल्या धुण्याच्या खात्यात लागले होते. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि माझी सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची. बाई कामाला वाघ, आणि जिभेचं तर विचारूच नका.

दुखणं लागण्याआधीच आमच्या दोघींत एक काटा रुतलेला होता. लग्नात त्यांनी मला त्यांच्या आईची सोन्याची चमकी घातली होती. नाकाबाहेर खडा, आत दांडी, आणि दांडीवर आतल्या बाजूने फिरवून बसवायची बारीकशी सोन्याची फिरकी. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही वर्षाचं तिखट कांडत होतो. मिरचीच्या खकाण्याने शिंकून शिंकून जीव नकोसा झाला होता. शिंक दाबायला मी नाक वर ओढत होते, पुन्हा कांडत होते. काम उरकून तोंड धुतलं तेव्हा चमकी हाताला सैल लागली. आत बोट घालून बघते तर फिरकी गायब! उखळ खरवडलं, अंगण चाळलं. शेवटी आत्याबाईंनी सगळं तिखट पुन्हा चाळायला लावलं. डोळ्यांची नुसती आग झाली, फिरकी काही सापडली नाही.

नेमका त्याच दिवशी माझा भाऊ मला माहेरी न्यायला आलेला. झालं! आत्याबाईंनी भर अंगणात त्याला पागोटं सोडायला लावलं, खिसे उलटे करायला लावले. "भनीनं दिली असंल तर मुकाट्यानं काढ बाबा," म्हणाल्या. तो लालबुंद झाला. वाढलेलं ताट तसंच सोडून गेला, तो पुढे भाऊबीजेलासुद्धा आमच्या दारात आला नाही. आत्याबाईंनी मला सोनाराकडून पितळेची फिरकी करून आणली आणि वर ऐकवलं, "सोन्याची तुला सोसत न्हाई." रोज तोंड धुताना ते पितळ बोटाला लागायचं आणि माझं रक्त उसळायचं.

डोकं दुखायला लागलं ते त्यानंतर काही महिन्यांनी. आधी सर्दी वाटली, पण ती एकाच नाकपुडीत. मग त्या नाकपुडीतून घाण वास यायला लागला. मी पदर नाकाशी धरून वावरायची, ह्यांच्याजवळ बसायची चोरी. वैद्य म्हणाले अर्धशिशी आहे, सूर्य उगवायच्या आत दुधात जिलबी खा. खाल्ली. सुंठेचे लेप लावले, वेखंड उगाळलं, कपाळाला फडकं करकचून बांधलं. पिंपरीच्या बाजारात बसणाऱ्या दातवाल्याने चांगली घट्ट दाढ उपटून हातात दिली. दाढ गेली आणि दुखणं मात्र जागच्या जागी. मी अशी संतापले होते म्हणून सांगू, ती दाढ त्याच्याच अंगावर फेकली.

असे दोन उन्हाळे गेले. शेवटी आत्याबाईंनी देवऋषी आणला. त्याने माझ्यावरून लिंबू उतरवलं, डोळे मिटले आणि सांगितलं, "हिच्या माहेरचं हाय. काहीतरी दडवलंय हिनं, त्येच डोक्यात चढलंय." आत्याबाईंना तेवढंच हवं होतं.

"ऐकलंस?" त्या ह्यांना म्हणाल्या. "गावची जत्रा झाली की हिला माहेरी घालवायची. कायमची. चोरटी आन् वर डोक्यानं गेलेली सून मला नगं."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. हे पायातली वहाण बघत म्हणाले, "बघू." एवढंच! तो एक शब्द मला डोक्यापेक्षा जास्त दुखला.

पण ह्यांनी माझ्या नकळत कारखान्याच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, पुण्याला मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढा, मशीनवर आतलं सगळं दिसतं. हे तसं घरी बोलले. आत्याबाई म्हणाल्या, "काढा फोटू. पर सुट्टी मिळत न्हाई ना तुला? मी नेते. फोटूत काय निघालं न्हाई तर तिथनंच एष्टीत बसवते हिला." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझी लुगडी बोचक्यात बांधली.

ते बोचकं काखेत मारून मी चिंचवड स्टेशनवर गाडीत चढले. सबंध वाटेत माझ्या मनात एकच चाललं होतं, देवा, काहीतरी निघू दे. गाठ निघू दे, किडा निघू दे, काहीही निघू दे. रोगी ठरले तरी चालेल, पण चोर ठरून माहेरच्या उंबऱ्यावर उभी राहायला लावू नकोस.

दवाखान्यात फोटो काढणारा माणूस घाईत होता. "गळ्यातलं, कानातलं, नाकातलं, सगळं काढा. धातूचं काही नको," म्हणाला.

आत्याबाई उसळल्या. "सवाशिणीचं नाक मोकळं करायचं?"

"मग घरी जा बाई, फोटो नाही निघायचा."

आत्याबाईंनी जरा वेळ ओठ चावले. मग स्वतःच माझ्या नाकात बोट घालून पितळेची फिरकी सोडवली, चमकी काढली आणि दोन्ही आपल्या पदराला गाठ मारून ठेवली. माझ्या हातात द्यायचा विश्वास नव्हता ना! त्या अविश्वासाचे मी आजही उपकार मानते.

आत अंधाऱ्या खोलीत मला थंड फळीवर तोंड टेकवून ठेवलं. श्वास धरा, सोडा. मग बाहेर बाकावर. गालामागचा अंगठा जोरात दाबत होता, बोचकं मांडीवर होतं, आत्याबाई शेजारी दगडासारख्या बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने तो माणूस तावातावाने बाहेर आला.

"नाकातलं काढा म्हणून सांगितलं होतं ना? ऐकायला काय होतं तुम्हाला? फोटो वाया गेला!"

"काढलंय की," मी म्हणाले.

"मग फोटोत काय दिसतंय? बारीक कडी आहे सरळ!"

आत्याबाई उठल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि तळहात त्याच्यापुढे धरला. चमकी होती, पितळेची फिरकी होती. "म्या सोताच्या हातानं काढलंय," त्या म्हणाल्या. तो माणूस गडबडला. त्याने माझ्या नाकाकडे निरखून बघितलं आणि मला पुन्हा आत नेलं.

दुसऱ्या फोटोतही ते होतंच. तिथल्या डॉक्टरांनी फोटोची फिल्म उजेडाशी धरून आम्हा दोघींना दाखवली. राखाडी कवटी, माझीच, आणि नाकाच्या आत खोलवर एक पांढराशुभ्र ठिपका. ठिपक्याच्या मधोमध भोक. "नाकात कधी काही गेलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

मला उखळ आठवलं, खकाणा आठवला, दाबलेल्या शिंका आठवल्या. अगं बाई! सगळं घर चाळलं आम्ही, तिखटसुद्धा चाळलं, फक्त माझं नाक तेवढं राहिलं! मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी ठिपका ओळखला होता, तोंडावरचं सगळं पाणी उतरलं होतं.

डॉक्टरांनी नाकात औषधाचा बोळा घालून ते बधिर केलं आणि लांब चिमटा आत सरकवला. कितीदा निसटला कोण जाणे, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे काजवे. मी खुर्चीचे हात आवळून बसले होते. शेवटी काहीतरी कडकडलं, रक्त आलं, आणि पांढऱ्या थाळीत हरभऱ्याएवढा मळकट खडा पडला. डॉक्टरांनी तो चिमट्यात चिरडला. वरचं कवच फुटलं आणि आत पिवळं चमकलं.

आत्याबाईंनी ती फिरकी नळाखाली धुतली, पदराने पुसली. माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "घाल पोरी. चल घरी."

माझ्या पोटातला दोन वर्षांचा जाळ एकदम वर आला. "घरी नाही," मी म्हणाले. "बोचकं तुम्हीच बांधलंय ना? मला एष्टीतच बसवा. आणि तुम्हीपण चला. माझ्या भावाला तुम्ही भर अंगणात पागोटं सोडायला लावलंत, आता त्याच्या अंगणात जाऊन सांगा फिरकी कुठे होती ते. नाहीतर ही फिरकी तुमची तुम्हालाच ठेवा."

मला वाटलं, आता बाई फाडकन बोलणार. पण त्यांनी माझ्या काखेतलं बोचकं काढून घेतलं आणि एष्टीच्या दिशेने चालायला लागल्या. गाडीत ते सबंध वाट त्यांच्याच मांडीवर होतं.

खेडच्या पुढे माझं माहेर. आम्ही पोचलो तेव्हा भाऊ अंगणात बैलांना वैरण टाकत होता. आत्याबाईंना बघून तो ताठ झाला. त्या उंबऱ्याशीही गेल्या नाहीत, अंगणातच थांबल्या, तळहात उघडून धरला. "चोरी झालीच नव्हती, बाबा. ही हिच्या नाकात व्हती, म्हणून डोकं दुखत व्हतं. म्या तुझं पागोटं सोडवलं. तू माज्या थोबाडात मार."

त्याने फिरकीकडे बघितलंसुद्धा नाही. हातातली वैरण खाली टाकून तो माझ्याजवळ आला आणि माझ्या डाव्या गालाला हात लावून म्हणाला, "आता दुखत नाही ना गं?"

सगळ्या वाटेत कोरडी राहिलेली मी तेव्हा धाय मोकलून रडले. रडताना खाली वाकले होते, आणि वाकूनही काही दुखलं नाही.