मागणी क्रमांक एक

मी सुध्याला हजार वेळा तरी सांगितलं असेल, "मर ना रे लवकर."

तोंडावर. त्याच्याच घरात बसून.

आणि सुध्या मरायचा नाही. अर्धा अर्धा तास मरायचा नाही.

घाबरू नका, सांगते. काळाचौकीच्या आमच्या चाळीत एकच टीव्ही गेम होता, सुधीरच्या घरी. त्याच्या मामाने मस्कतहून आणलेला. त्यात एक छत्रीवाला माणूस डावीकडून उजवीकडे पळायचा, उड्या मारायचा, खड्ड्यात पडायचा. गेमचं खरं नाव लांबलचक होतं, चाळीत सगळे 'छत्रीवाला'च म्हणायचे.

दोघांनी खेळायचं तर आळीपाळीने. पहिला मेला की दुसऱ्याचा डाव.

सुध्या सॉलिड खेळायचा. त्यामुळे माझा डाव यायच्या आत गॅलरीतून आईची हाक यायची, "वंदे, पाणी आलं!" की मी उठून नळावर.

हे सगळं टीव्हीचा आवाज बंद करून. संपानंतर सुध्याच्या बाबांची गिरणी परत सुरू झालीच नाही. ते कुठेतरी रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि दिवसा खाटेवर झोपायचे. त्यामुळे उड्यांचे आवाज आम्ही तोंडाने काढायचो. भांडायचोसुद्धा कुजबुजत.

एकदा माझं "मर ना" जरा मोठ्याने गेलं. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "गो वंदू, मराक कित्याक सांगतस तेका? आउट हो म्हण."

तेव्हापासून आउट.

त्याच आठवड्यात मंडळाच्या फळ्यावर, जिथे आरतीची वेळ आणि कोण वारलं ते लिहायचे, तिथे खालच्या कोपऱ्यात खडूने मजकूर आला:

"छत्रीवाल्याच्या नवीन भागासाठी आमच्या मागण्या.
१. दोघांना एकाच वेळी खेळता आले पाहिजे.
२. छत्रीवाल्याला पोहता आले पाहिजे. पाण्यात पडून मरतो म्हणजे काय?
मागण्या मान्य होईपर्यंत माघार नाही."

संपाच्या वेळचं एक पत्रक बाबांनी ट्रंकेत जपून ठेवलं होतं. भाषा तिथून उचललेली.

मंडळाच्या सेक्रेटरीने पुसलं. "फळा मंडळाचा आहे की युनियनचा?" सुध्याने परत लिहिलं. त्यांनी परत पुसलं. त्याने परत लिहिलं.

बाबा ड्युटीवर निघताना फळ्यासमोर थांबले. "ह्या मालकाक कोण वाचून दाखवतलो?" मग चप्पल घालता घालता म्हणाले, "लिवलंस ना? आता मागे घेव नको."

सांगायची गरज नव्हती हो, बाबा. चाळ गेली, टॉवर आला, तुम्ही गेलात, आमची लग्नं झाली. या माणसाने एकही मागणी मागे घेतली नाही.

कंपनीला ईमेल पाठवायचा, वॉर्ड ऑफिसात अर्ज दिल्यासारखे. "रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट." उत्तर आलं नाही की मला फोन.

मग खरंच नव्या भागाचा ट्रेलर आला. मला वाटलं, सुटले. कसली सुटते! अकरा-अकरा मिनिटांच्या व्हॉइस नोट. छत्री प्लॅस्टिकची वाटते. उडी जड आहे. दोघांचा मोड दिलाय, पण पुढचा पळाला की मागचा स्क्रीनच्या कडेला अडकून मरतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही का? आणि म्युझिक किती वाजतं!

"सुध्या, जुन्याचं म्युझिक तू कधी ऐकलंयस तरी का?"

"नाही ना. आपल्या गेमला म्युझिक नव्हतंच."

"मग घेऊ नकोस बाबा नवीन."

"घेणार तर! घेतल्याशिवाय शिव्या कशा घालणार?"

असा माणूस. जगातल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढायचा. आणि छातीत दोन दिवस दुखत होतं, त्याची तक्रार कुणाकडे केली नाही. बायकोला म्हणाला, ॲसिडिटी आहे. लिंबू सरबत प्यायला आणि कामावर गेला.

याचा मला भयंकर राग येतो. आज वर्ष झालं, कमी झालेला नाही.

गेल्या आठवड्यात छत्रीवाला बाजारात आला. त्याच्या बायकोचा, मनीषाचा, फोन आला. "ताई, यांनी बुक करून ठेवलं होतं, ते आलंय. दोन कंट्रोलर आहेत. एक वंदूचा, असं बोलले होते."

काल तिच्याकडे जाऊन लावला. दोघांचा मोड. स्क्रीनवर लाल छत्री आणि निळी छत्री, शेजारी शेजारी. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आळीपाळीच्या नियमात सुध्याचं काहीच अडत नव्हतं. तो मरतच नव्हता. ताटकळायचं मला. पाणी भरायला उठायचं मला.

मागणी क्रमांक एक त्याची नव्हतीच. माझी होती. आणि मी त्याला किरकिऱ्या म्हणत राहिले.

सुध्या, तुझं बरोबर होतं. मी चार पावलं पुढे गेले आणि निळा छत्रीवाला कडेला अडकला. म्हणून मागे आले. मनीषाने चहा आणून ठेवला, तो गार झाला. आम्ही पहिल्याच स्क्रीनवर उभे होतो.

आवाज बंद ठेवला होता.

मागणी मान्य झाली रे. आणि तू आधीच आउट होऊन बसलास.

एवढी थांबले तेव्हा कुठे एकदाचा माझा डाव आला. नकोय मला.

भावपूर्ण श्रद्धांजली, रागासकट.

वंदू