सोललेले साग

आमच्याच बांधावरच्या सागांना मी कोयत्याने सोललं आणि वरून शेणाचा लेप दिला. ही माझी हुशारी. सातवी पास होते ना! हरसूलकडच्या आमच्या पाड्यावर तेवढं शिकलेली सून दुसरी नव्हती, आणि हे मी रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचे.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. घराचं आढं वाळवीने पोखरलं होतं. पावसाआधी ते बदललं नाही तर छप्पर डोक्यावर येणार होतं. जमीन आमची, साग सासऱ्यांनी लावलेले; पण तोडायला परवानगी जंगलखात्याची. आमच्या मालकांनी अर्ज केला आणि ते द्राक्षं तोडायला निफाडला गेले. मागे खात्याची माणसं आली. बुंध्याची थोडी साल काढून हातोड्याने शिक्के ठोकले, डांबराने आकडे घातले आणि गेली. मी बाजारातून येते तर हे! जंगलात शिक्का असलेलं झाड सरकारचं, एवढं मला पक्कं ठाऊक. म्हणजे आता आमचीही झाडं गिळली की यांनी! घेतला कोयता.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, कुणाला इचार तरी."

"तुम्हाला नाय कळायचं त्यातलं," मी म्हटलं.

मालक परवानगी घेऊन आले; तीत शिक्का मारलेलीच झाडं तोडायची होती. मागोमाग गार्डसाहेब, तोडण्याआधी शिक्के बघायला.

"शिक्का कुठंय?"

"बायकोनं खरवडला, साहेब. पण झाड हेच."

"शिक्का नाही, तर हे ते झाड नाही."

"अवं, माझ्या बापानं लावलंय!"

"बापाने शिक्का मारला होता का?"

हे बोलताना साहेबांनी पाठ टेकली होती ती त्याच झाडाला. आमचा कोंबडा खाल्ल्यावर त्यांनी गुन्हा नोंदवायचं सोडून दिलं, पण अर्ज पुन्हा पहिल्यापासून. एरवी घर शाकारायला हाक न मारताही धावून येणारे शेजारी आमच्या बांधाकडे फिरकेनात. साहेबांची नजर त्यांच्या सागांवर गेली तर?

पावसात आढं बसलंच. आम्ही गोठ्यात बैलांशेजारी राहिलो. बैलांनी कुरकुर केली नाही. मालकांनी दोघांच्या वाटची केली.

श्रावणात बांधावर सागाचं कोवळं रोप दिसलं. गुरांनी खाऊ नये म्हणून मी त्याच्याभोवती काट्या रोवायला बसले, तर सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"उपट ते, पोरी. टीचभर हाय तवरच आपलं हाय."