मामाची उघाडी

आमच्या मामाच्या मनगटाला नाडीच लागत नसे. हृदय थकलं म्हणून डॉक्टरांनी छातीत पंप बसवला होता. तो रक्त सलग ढकलायचा, ठोक्याठोक्याने नाही. कमरेला बॅटऱ्यांचा पट्टा. मामाला याची भारी गंमत. आल्यागेल्यापुढे हात करून म्हणायचा, "बग रं, मेलोय का जित्ता हाय?" पनवेलपासून उरणपर्यंतचे नातेवाईक त्याचं मनगट चेपायला यायचे, चहा ढोसायचे आणि निघताना मामीला विचारायचे, "मशीन बंद पडली तं?" किळस यायची मला त्या माणसांची.

मामा मूळचा मिठागरातला, बांधातली उघाडी म्हणजे खाडीच्या पाण्याची झडप उघडण्या-मिटण्यात वाढलेला. जमिनी सरकारात गेल्या, मोबदल्यात बंगला आला, पण जीव खाडीतच. पंपाची वायर पोटातून बाहेर आलेली, त्यामुळे पाण्यात उतरायला सक्त मनाई. "एकदा खाडीत डुबकी मारन, मंग मेलो तरी चालंल," हे त्याचं रोजचं पालुपद.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. म्हणून मला समोर बसवायचा. "बाय, आतमदी काय चाललंय तं सांग." मी सांगायची, ओझ्याने हृदयाच्या पेशी फुगतात, ठोक्यागणिक कॅल्शियमची ने-आण करणारी प्रथिनं कमी पडतात. पंपाने ओझं उचललं की पेशी आकसतात, ती प्रथिनं पुन्हा बनायला लागतात. सगळ्यांचंच हृदय सावरतं असं नाही. मामाचं सावरत होतं.

"म्हंजे बांधाची उघाडी परत चालाया लागली," तो म्हणाला. "भरतीला पानी आत, ओहोटीला भायेर."

"तसंच समज," मी म्हटलं. डॉक्टरही म्हणाले, असंच चालू राहिलं तर पंप काढता येईल. मामा त्या दिवशी लहान पोरासारखा खूश होता.

मग हळदींचा हंगाम आला. आमच्याकडे हळदीला डीजे, मटण आणि दारू नसेल तर घराण्याचं नाक कापलं जातं. मामाचा सख्खा भाऊ, बबनमामा, ग्लास घेऊन पुढे. "घे रं, तुजं काम तं मशीन करते. मशीनला काय चढतंय?"

मी ओरडले, "अहो, मशीनच्या आड त्याचं स्वतःचं हृदय सावरतंय! दारू त्यालाच मारते!"

कोण ऐकतोय! भावाने दिलेला ग्लास परत करायचा म्हणजे भावकीत अपमान. मामाही हसत हसत घोट घेत गेला. त्या हळदीत घेतला, पुढच्या हळदीत घेतला, त्याच्या पुढच्याही.

पुढच्या तपासणीत हृदय पुन्हा ढेपाळलेलं. पंप काढायचं रद्द झालं. त्यात पंपामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्या चालूच होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला आणि मामा गेला.

दहाव्याला खाडीकाठी पिंडाला कावळा शिवेना. बबनमामाने पिशवीतून बाटली काढून पिंडापुढे ठेवली. "याची हीच विच्छा राह्यली," म्हणाला आणि गळा काढून रडायला लागला.

शिसारी आली मला. मामाची इच्छा कोणती होती ते गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. मी बाटली उचलली आणि पाण्याकडे निघाले. काठाशी थांबले. या घाणीने मामाची खाडी कशाला नासवायची?

मागे फिरले आणि सगळी बाटली बबनमामाच्या पायांवर ओतली.